खाचरावरचं घर

बेलवलीत आम्ही घर बांधलं ते भाताच्या खाचरात भराव टाकून. वर्ष व्हायच्या आत माझा नवरा अंबरनाथच्या कारखान्यात उंचावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. मागच्या भिंतीलगत त्याची खाट. नव्वदच्या सुमारास पलीकडच्या टेकडीखालून पाण्यासाठी बोगदा खणायला लागले.

दुपारी भोंगा वाजायचा, मग जमिनीखाली सुरुंग. आवाज फारसा नाही, पण घर कितीतरी वेळ थरथरायचं. मांडणीवरची भांडी खाली यायची. मागच्या भिंतीला तडा गेला. पुढे त्यात माझं बोट जायला लागलं. भोंगा झाला की मी खाट ओढत अंगणात न्यायचे. उंबऱ्याशी ती अडायची. नवरा म्हणायचा, "मला राहू दे. तू जा बाहेर."

मी बोगद्याच्या साहेबाकडे गेले. तो म्हणाला, "बाई, तुमच्यापेक्षा जवळची घरं शाबूत आहेत. तुमचं बांधकामच कच्चं."

जवळची म्हणजे टेकडीला लागून असलेलं आमच्या थोरल्या जाऊबाईंचं घर. तिथे चहाचा कपसुद्धा हलत नव्हता. जाऊबाईंना वाटायचं, नवऱ्याच्या दुखण्यानं हिचं डोकं फिरलंय. शेवटी मी त्यांचे पाय धरले. "एक दुपार येऊन बसा हो माझ्याकडे."

त्या आल्या. हादरा बसला, थांबेचना. जाऊबाई पांढऱ्याफटक पडल्या. मग त्यांनी खाटेची पायाकडची बाजू उचलली.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन परत साहेबाकडे गेल्या, भांडल्या. त्यानं एका भूगर्भवाल्याला पाठवलं. त्या माणसानं आमच्या अंगणात खड्डा करून चिकणमाती बोटांत चुरली. "तुमच्या जाऊबाईंचं घर कातळावर आहे, हादरा आला तसा निघून जातो. इथली माती मऊ, ओली. ती हादरा वाढवते आणि हलत राहते."

"मग आम्ही काय करायचं?"

त्यानं खड्डा बुजवला आणि निघून गेला. सुरुंग थांबले नाहीत.

त्याच आठवड्यात भिंत पडली. आम्ही अंगणात होतो. खाटेच्या जागेवर विटांचा ढीग.

"आता कुठं नेशील मला?"

"जाऊबाईंकडे."

"दादाच्या दारात, असा लुळा?" त्यानं माझा हात झिडकारला आणि तोंडावर चादर ओढली. शेजारच्या चौघांनी खाट उचलली. चादरीखाली तो रडत होता, आणि मी खाटेला धरून चालत होते.