चादरीखालचा हात

रायपूरच्या गुढियारी वस्तीत शेवंताबाईला दाई म्हणून सगळे ओळखत. लग्न होऊन भंडाऱ्याहून आलेली, नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर. कामाची रीत सासूकडून घेतलेली: बाईला गळ्यापर्यंत चादरीनं झाकायचं, तेलाचा हात आत घालायचा आणि बघायचं नाही. बाईची लाज राहते. हाताला सगळं कळतं, असं ती म्हणे.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि दुसऱ्या वर्षी पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, दायांना आरोग्य केंद्रात बोलावलं. आधीचं बाळ पोट चिरून झालं असेल तर घरी हात लावायचा नाही, असा नियम निघाला होता. कळांच्या जोरानं आतला जुना टाका फाटतो, केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, मग आई आणि बाळ दोघंही जातात. घरी येताना शेवंताबाई जुन्या बाळंतिणी आठवत राहिली. आजवर चादरीखाली असे किती टाके गेले असतील?

तेव्हापासून ती आधी विचारून घेई. शेजारच्या मीराबाईच्या सुनेच्या, पद्मिनीच्या वेळीही विचारलं.

"पहिली पोट्टी गोंदियाले झाली, माहेरी. एकदम नॉर्मल," मीराबाई म्हणाली. पहिलं बाळंतपण माहेरचं, त्यामुळे सासरच्या कुणी काही पाहिलेलं नव्हतं. पद्मिनी खाली बघत राहिली. पोटाला तेल लावून घ्यायला मात्र ती एकदाही आली नाही. लाजते म्हणे.

एका भरदुपारी कळा सुरू झाल्या. शेवंताबाईनं चादरीखाली हात घातला. ओटीपोटावर, अगदी खाली, बोटांना एक आडवा टणक वळ लागला. तिचा हात थांबला. पद्मिनीनं मनगट पकडलं.

"मावशी, सांगू नका. माझ्या आईनं सासूले खोटं सांगितलं. ऑपरेशनवाली सून म्हणून जन्मभर टोमणे मारतील मले."

"अवं, मरशील ना पोरी."

बाहेरून मीराबाईची हाक आली, "शेवंता, पाणी उकळून राहिलं. काय करून राहिली तू?"

शेवंताबाईनं चादर नीट केली. "बाळ आडवं आहे. ऑटो आणा."

"काहून? तुले सरकारचं भेव लागलं का?"

"हव, लागलं. ऑटो आणा आधी."

रस्ताभर तिचा हात पद्मिनीच्या पोटावर होता. प्रत्येक कळेला हाताखालचं पोट दगडासारखं व्हायचं. आता काही तुटेल, आता पोट एकाएकी ढिलं पडेल, म्हणून ती श्वास धरून बसली. पंडरीच्या बाजारातल्या गर्दीत ऑटो अडकला तेव्हा ती मोठ्यानं रडलीच.

दवाखान्यात तिनं डॉक्टरीणबाईंच्या कानात खरं सांगितलं. मुलगा झाला, ऑपरेशननं. आतला टाका कागदासारखा पातळ झाला होता, असं त्या तिला बाजूला घेऊन म्हणाल्या. पण नर्सनं पेढे घेताना मीराबाईला सांगून टाकलं, "बच्चा तो सीधा था, अम्मा."

महिन्याभरानं मीराबाईनं शेवंताबाईला किराणा दुकानासमोर गाठलं. शेजारी पद्मिनी बाळ घेऊन उभी.

"बघा बाई, आमची दाई! सरळ पोट्टा हिले आडवा दिसला. माझ्या सुनेचं चांगलं पोट फाडून ठेवलं."

दुकानातल्या बायका वळून बघू लागल्या. त्यातल्या एकीनं पुढच्या महिन्यातल्या बाळंतपणासाठी शेवंताबाईला सांगून ठेवलेलं होतं. तिनं नजर फिरवली.

पद्मिनीचे ओठ हलले. शेवंताबाईनं वाट पाहिली. मग पद्मिनीनं बाळाचं टोपडं नीट केलं.

"चुकलं माझं, दीदी," शेवंताबाई म्हणाली. तिनं पद्मिनीकडे पुन्हा एकदा पाहिलं. पोरगी दोन पायांवर उभी होती.