मामांचं नाकबूल

दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप असलेला माणूस गुन्हा कबूल का करत नाही, हे मला कुणी शिकवू नये. लातूर नवा नवा जिल्हा झाला तेव्हा मी तिथं नवी नवी वकील होते आणि ज्येष्ठांनी नाक मुरडून सोडलेल्या असल्या केसेस माझ्याच गळ्यात पडायच्या. कबूल म्हटलं की दंड भरून माणूस जेवायला घरी. पण नाही. एकजण म्हणाला, गाडी मी चालवतच नव्हतो, उतार होता. दुसरा म्हणाला, "मॅडम, दुष्काळात सगळ्या तालुक्यात पाणी न्हाई, पण दारूवाल्याच्या बाटलीत निम्मं पाणीच. असल्यानं चढती का कुणाला?" त्याला खरं तर दारूवाल्यावरच फिर्याद करायची होती.

आणि मग माझे सख्खे मामाच आरोपी झाले.

मामा मूळचे भोकरचे, लातूरला सरकारी टँकरवर ड्रायव्हर. त्या उन्हाळ्यात त्यांचा रुबाब कलेक्टरपेक्षा जास्त होता. भर दुपारी त्यांनी भरलेला टँकर नांदेड रोडवर नव्या जिल्ह्याच्या स्वागताच्या पाटीवर घातला. पाटी आडवी झाली, टँकरचा कॉक तुटला आणि पाणी धो धो रस्त्यावर. शेजारच्या वाडीतली माणसं हंडे, घागरी, पराती, हाताला लागेल ते घेऊन धावली. मामा कपाळ धरून केबिनमध्ये बसलेले. मेलात की जगलात हे विचारायलासुद्धा कुणी फिरकलं नाही. पोलीस आला, तोही आधी लाइन लावत बसला. टाकी रिकामी झाल्यावर त्याला मामांच्या तोंडाचा वास आला.

"मामा, खरं सांगा. घेतली होती?"

"ढाब्यावर. थोडीच. ऊन लई होतं."

"मग कबूल करून मोकळे व्हा. नोकरीचं मी बघते."

"नोकरी गेली चुलीत. कबूल म्हनायचं न्हाई."

मला वाटलं, मामीची भीती. तसं नव्हतं. आमच्या वस्तीच्या विहारात दर पौर्णिमेला मामा पुढं उभे राहून पंचशील सांगायचे आणि सगळी वस्ती त्यांच्यामागून म्हणायची. पाचवं शील दारूला न शिवण्याचं. मामांच्या त्या खणखणीत आवाजावर वस्तीतल्या दहा-बारा पोरांनी दारू सोडली होती.

"कोर्टात हाव म्हनलो," मामा म्हणाले, "तर पाचवं कोन्त्या तोंडानं सांगू? ती पोरं उद्या गुत्त्यावर जायला मोकळी."

माझं डोकं फिरलं. "अहो, पण चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. त्याचं काय?"

मामा शांतपणे म्हणाले, "चौथं तू बघ की. तुला वकील कशाला केलं?"

मी रात्रंदिवस डोकं खाजवून एक नामी बचाव काढला: अपघाताच्या धक्क्यानं मामांनी नंतर घेतली. म्हणजे वासही खरा आणि मामाही सुटले. मामा ताडकन उठले. "नंतर बी न्हाई अन् आधी बी न्हाई. दोन्हीकडून पाचवंच मोडतंय." एवढ्या बारकाईनं विचार टँकर चालवताना केला असता तर माझा जीव वाचला असता.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" मामा विहारातल्याच आवाजात म्हणाले, "नाकबूल." मागच्या बाकावर ती सगळी पोरं बसली होती. त्यांनी एकमेकांकडं बघून माना डोलावल्या.

मग साक्षीदार आले. वाडीतल्या बाईला सरकारी वकिलांनी विचारलं, ड्रायव्हर झोकांड्या देत होता का? ती म्हणाली, "सायेब, मी कॉककडं बघत होते. ड्रायव्हरकडं कोन बघतंय?" पंच म्हणून आलेला माणूस तेव्हा हंडा भरत होता. पोलिसानं लाइन किती सरळ लावली होती तेवढं सांगितलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या बंगल्यावरही टँकरनंच पाणी यायचं. त्यांनी हळूच विचारलं, पाणी बरं होतं का. बाई म्हणाली, गोड होतं. मामांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी वास आल्याचं लिहिलं होतं, पण माणूस शुद्धीवर आहे असंही लिहिलं होतं. मामा सुटले.

वस्तीनं हार घातला, पेढे वाटले. ती माझी पहिली जिंकलेली केस, मी तर हवेतच होते.

पौर्णिमेला विहार गच्च भरला. मामा पांढरा सदरा घालून पुढं उभे राहिले. पहिलं शील सांगितलं, दुसरं, तिसरं. मग थांबले. शेजारची बाई मला म्हणाली, "घसा बसला वाटतं." पाचव्याला अजून अवकाश होता, माणूस चौथ्यावरच अडला होता. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, आवाज फुटेना. मामांनी हात जोडले, पुढची जागा सोडली आणि सगळ्यांना ओलांडून पार मागं त्या पोरांपाशी गेले.

"बाबांनो," ते म्हणाले, "त्या दिवशी मी प्यालो होतो."

एका पोरानं सरकून त्यांना जागा करून दिली. बायकांतून मामी उठल्या, पुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी चौथं सांगायला सुरुवात केली. मागून सगळ्यांत मोठा आवाज मामांचा येत होता, आणि मला काही केल्या तोंड उघडता येत नव्हतं.