हेलसिंकीचे शुद्धिपत्र

पुरुषोत्तम हळबे यांच्याकडे फॉर्म घेऊन जायला वेळ ठरवावी लागत नसे. जर्सी सिटीत नदीजवळच्या आमच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा इतरांची कागदपत्रेच अधिक मांडलेली असत. कुणाची व्हिसाची मुदतवाढ, कुणाचा ग्रीन कार्डाचा अर्ज, कुणाच्या आईवडिलांसाठी लिहायचे निमंत्रणपत्र. मॅनहॅटनमधल्या एका विमा कंपनीत संगणकावरच्या नोंदी सांभाळण्याची नोकरी आटोपून ते साडेसहाला घरी येत, हातपाय धुऊन चष्मा बदलत आणि समोर बसलेल्या विद्यार्थ्याला किंवा नवविवाहितेला विचारीत, "जन्मतारीख पासपोर्टावर आहे तीच ना? शाळेच्या दाखल्यावरची वेगळी असेल तर आत्ताच सांगा." इमारतीतले मराठी लोक त्यांना हळबेकाका म्हणत, आणि पाठीमागे फॉर्मकाका. दुसरे नाव त्यांना ठाऊक होते व आवडतही असावे.

त्यांची आणखी एक ख्याती होती. एकवीस वर्षे अमेरिकेत राहूनही त्यांनी भारतीय पासपोर्ट सोडला नव्हता. ही गोष्ट ते निष्ठेचा भाग मानीत, आणि ज्यांनी नागरिकत्व घेतले त्यांना ती थट्टेच्या सुरात ऐकवीत. चौथ्या मजल्यावरच्या गिरीशने नागरिकत्वाची शपथ घेतली, त्या आठवड्यात इमारतीतल्या मराठी मंडळाच्या बैठकीत काकांनी चहाचा पहिला पेला त्याच्यापुढे धरला होता. "घ्या गिरीशराव. आता तुम्ही पाहुणे. पाहुण्यांना आधी." सगळे हसले, गिरीशही हसला, पण त्याने तो चहा अर्धाच घेतला.

२००६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नीने, नीलाकाकूंनी, नागरिकत्व घेतले. कारण व्यावहारिक होते. सांगलीत राहणारी त्यांची धाकटी बहीण रेखा हिला कायमचे बोलावून घ्यायचे तर अर्ज नागरिकानेच करावा लागतो. तो अर्ज अर्थातच काकांनी, नेहमीच्या काटेकोरपणे, स्वतः भरला. परंतु नंतर कित्येक महिने "आमच्या घरात हल्ली एक परदेशी बाई राहतात" हे त्यांचे आवडते वाक्य झाले. बायकोचे नाव ते चारचौघांत कधी घेत नसत. "आमची मंडळी" किंवा नुसते "ही". काकूही त्यांना "अहो" म्हणत.

२००७ च्या जुलैमध्ये दोघे भारतात निघाले. न्यूयॉर्कहून हेलसिंकीमार्गे मुंबई असे तिकीट होते. सकाळी नऊला उतरायचे आणि संध्याकाळी सातनंतर पुढचे विमान. मधल्या दहा तासांत शहर पाहता येईल, ही कल्पना काकूंची होती. लग्नाला तीस वर्षे झाली होती आणि केवळ पाहण्यासाठी म्हणून दोघे कुठेच गेले नव्हते. काकूंनी ग्रंथालयातून पुस्तक आणले, वहीत बसचा क्रमांक लिहिला, बंदराचा नकाशा काढला. कागदपत्रांचा प्रश्नच नव्हता. ते खाते काकांचे होते.

चूक तिथेच झाली, आणि ती आपल्यापैकी कुणाकडूनही व्हावी अशी चूक होती. ग्रीन कार्डाच्या बळावर काकांनी नायगारा कॅनडाच्या बाजूने दोनदा पाहिला होता. कॅनडात चालते ते युरोपातही चालत असणार, हे त्यांनी इतके गृहीत धरले होते की त्यांना ते तपासण्याची आठवणही झाली नाही. दुसऱ्या कुणी विचारले असते तर त्यांनी नक्कीच तपासले असते.

हेलसिंकीच्या विमानतळावर काकूंच्या पासपोर्टावर क्षणात शिक्का बसला. काकांचा पासपोर्ट खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला आणि व्हिसा कुठे आहे असे विचारले. काकांनी ग्रीन कार्ड पुढे केले. अधिकाऱ्याने ते दोन्ही बाजूंनी पाहिले व अत्यंत सौजन्याने सांगितले की हा अमेरिकेचा कागद आहे, इथे त्याचा उपयोग नाही. मात्र पुढच्या विमानापर्यंत आपण आतल्या भागात आरामात बसू शकता. काकांना त्याचे ते सौजन्यच सहन झाले नाही. त्यांच्या मागे रांग थांबली होती.

काकू खिडकीच्या पलीकडे गेलेल्या होत्या. त्या परत फिरून म्हणाल्या की मीही थांबते, शहर काही पळून जात नाही. त्यावर काका जे बोलले ते त्यांनी मला पुढे स्वतःच सांगितले, शब्द न बदलता. "तुम्हा लोकांना सगळीकडे दारं उघडी आहेत. जा."

काकू पिशवी खांद्यावर घेऊन म्हणाल्या, "येते हं."

आपल्याकडे घरातून निघणारा माणूस "जातो" म्हणत नाही, आणि मागे राहणारा "जाऊन ये" म्हणतो. तीस वर्षांत काका हे कधी विसरले नव्हते. त्या दिवशी त्यांनी तोंड फिरवले. 'ये' म्हटले नाही.

पुढचे दहा तास ते एका काचेच्या भिंतीजवळच्या खुर्चीत बसून होते. त्यांनी पुस्तक उघडले नाही, काही खाल्ले नाही. काकू परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि हातात कागदी पिशवी होती. बंदरावरच्या बाजारात मटाराच्या शेंगा लिटरच्या मापाने विकतात, लोक त्या सोलून कच्च्याच खात हिंडतात, असे सांगत त्यांनी पिशवी पुढे केली. काकांनी ती घेतली आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवली. विमानात बसायची वेळ झाली तेव्हा ते उठले. पिशवी तिथेच राहिली. ती विसरली नव्हती, हेही त्यांनीच मला सांगितले.

सांगलीत पोचल्यावर आणि परत आल्यावर फोनवरही, काकू रेखाला त्या दिवसाबद्दल पुनःपुन्हा सांगत. पांढऱ्या चर्चच्या उंच पायऱ्यांवर त्या तासभर नुसत्या बसल्या होत्या. ट्रॅमने शहराला दोन फेऱ्या मारल्या, कारण कुठे उतरायचे ते ठरेना आणि उतरले नाही तरी कुणी रागावणारे नव्हते. खडक फोडून बांधलेल्या एका चर्चमध्ये कुणी पियानो जुळवीत होते; एकच सूर, पुन्हा पुन्हा. होडीने बेटावरच्या किल्ल्यावर जाताना एका समुद्रपक्ष्याने शेजारच्या बाईच्या हातातला पाव पळवला आणि ती बाई काकूंकडे पाहून हसली. काका हे शेजारच्या खोलीतून ऐकत. त्यांनी काकूंना एकदाही काही विचारले नाही.

आमच्या छोट्या मंडळाचा दिवाळी अंक मी संपादित करीत असे. त्या वर्षी प्रवासावरचा एक लेख हवा होता. हेलसिंकीबद्दल लिहाल का, असे मी काकांना जिन्यात विचारले, आणि ते 'हो' म्हणून गेले. पाच पानांचा लेख आला. हस्ताक्षर सुवाच्य, तपशील नेमके. "आम्ही पायऱ्यांवर बसलो. आम्ही ट्रॅमने शहराला दोन फेऱ्या मारल्या. आम्ही शेंगा सोलून खाल्ल्या. त्या आपल्याकडच्या मटारापेक्षा गोड लागतात." त्या लेखातल्या 'आम्ही'चे मी संपादकीयात खास कौतुक केले होते. सहजीवनाचा सूर, असे काहीसे मी लिहिले. ते वाक्य आज वाचवत नाही.

लिहिताना काकांनी स्वतःची समजूत घातली होती. घरातला एक माणूस लग्नाला जाऊन आला की आपण म्हणतोच ना, "आम्ही गेलो होतो"? आहेर घराच्या नावाने होतो. हजेरीही घराच्या नावाने लागते. त्या अर्थाने 'आम्ही' खोटे नव्हते. मात्र लेख माझ्या हाती देण्यापूर्वी त्यांनी तो काकूंना दाखवला नाही, आणि आपली समजूत किती खरी होती हे तेवढ्यावरूनच त्यांना कळायला हवे होते.

अंक छापून आल्यावर काकूंनी तो वाचला. पाचही पाने वाचून त्यांनी अंक टेबलावर, फॉर्मांच्या गठ्ठ्यावर, उघडाच पालथा ठेवला आणि कुकर लावायला उठल्या.

जानेवारीत संक्रांतीचा कार्यक्रम होता. इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात गिरीशने पडदा लावून हेलसिंकीचे फोटो दाखवायचे ठरवले. फोटो देण्याचे काका टाळत होते. गिरीशने ते काकूंकडून मिळवले. काकूंनी कॅमेऱ्यातले कार्ड मुकाट्याने काढून दिले. पडद्यावर एकामागून एक काकू दिसू लागल्या. पायऱ्यांवर काकू, होडीत काकू, बाजारात काकू. फोटो वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसांनी काढलेले, म्हणून थोडे तिरके. काका कुठेच नव्हते. कुणीतरी तसे म्हटलेही. तेव्हा फोटो काढणारा नेहमी चौकटीबाहेरच राहतो, असे उत्तर मीच पुरवले आणि लोक हसले. काका पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

शेवटचा फोटो शेंगांचा होता. आमच्या इमारतीत राहून पीएच.डी. करणारी सावनी, जिचे व्हिसाचे काम दोनदा काकांनीच मार्गी लावले होते, निरागसपणे म्हणाली, "काका, पण कच्चे मटार? यार, मला तर इमॅजिनच होत नाही. चव नक्की कशी होती?"

लेखात लिहिलेले एक वाक्य पुन्हा म्हणायचे, एवढेच काम होते. काकांनी तोंड उघडले. चाळीसेक माणसे त्यांच्याकडे पाहत होती, आणि एवढ्या जणांत खरे उत्तर जिच्याजवळ होते ती तिळगुळाचे ताट हातात घेऊन भिंतीशी उभी होती. मला वाटले ते नेमका शब्द शोधत आहेत.

"ह्यांना नाही आवडल्या," काकू ताट पुढे नेत म्हणाल्या. "ह्यांनी ठेवून दिल्या. तिळगूळ घे सावनी."

सगळ्यांनी ते हसण्यावारी नेले. वाक्य अक्षरशः खरे होते, हे त्या खोलीत दोनच माणसांना ठाऊक होते. तिने आपल्याला उघडे पाडले असते तर सोसले असते, असे काका मला पुढे म्हणाले. तिने आपल्याला झाकले, आणि झाकताना जराही खोटे बोलली नाही. त्यानंतर घरात तिच्यासमोर बसून जेवणे कठीण झाले.

मार्चच्या सुरुवातीला ते माझ्याकडे आले. पाडव्याचा छोटा अंक छपाईला जायचा होता. त्यांनी दारातच एक कागद पुढे केला आणि मग आत बसून, नजर गालिच्यावर ठेवून, वर लिहिलेले सगळे सांगितले. मी मधे काहीतरी दिलाशाचे बोलू लागले तेव्हा त्यांनी हाताने थांबवले. कागदावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात 'शुद्धिपत्र' असे शीर्षक होते. खाली दोन स्तंभ. डावीकडे पान, ओळ आणि छापलेले वाक्य. उजवीकडे त्याजागी वाचावयाचे वाक्य. फॉर्म भरावा तशी एकही जागा रिकामी सोडलेली नव्हती. "आम्ही पायऱ्यांवर बसलो" याऐवजी "नीला पायऱ्यांवर बसली". "आम्ही बंदरावर गेलो" याऐवजी "नीला बंदरावर गेली". अशी एकतीस वाक्ये, आणि प्रत्येकात नाव. शेवटी एक ओळ: "प्रस्तुत लेखक व्हिसाअभावी विमानतळावरच होता. व्हिसा लागतो हे त्याने तपासले नव्हते."

ही शेवटची ओळ गाळू या, असे मी सुचवले. ते नाही म्हणाले. मग मी एक अट घातली. ज्यांच्या नावाने ही दुरुस्ती होते आहे त्यांनी ती आधी वाचली पाहिजे.

आम्ही दोघे नवव्या मजल्यावर गेलो. काकू टेबलाशी मेथी निवडत होत्या. त्यांनी हात पुसून कागद घेतला आणि उजवा स्तंभ वरपासून खालपर्यंत वाचला. काका खुर्चीच्या पाठीला धरून उभेच होते. स्वतःच्या नावावर काकूंचे बोट दोनतीनदा थांबले. मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले.

"नीला गेली, नीला गेली," त्या वाचू लागल्या. "अहो, लोक भेटायला यायचे. मी वारले असं वाटतंय."

मला हसू आले. काकांना आले नाही. ते खाली वाकले, खिशातले पेन काढले आणि कागद स्वतःकडे ओढून कामाला लागले. कुठे 'गेली' खोडून त्यावर 'जाऊन आली' लिहिले, कुठे वाक्यच फिरवले. सात ठिकाणी. काकू पुन्हा मेथीकडे वळल्या होत्या.

शेवटचे 'आली' लिहून झाल्यावर ते पेनाचे टोपण लावत बसले. नजर वर न करता, इतक्या हलक्या आवाजात की प्रश्न मला उद्देशून नव्हता हे लगेच कळावे, त्यांनी विचारले, "चव कशी होती?"

काकूंनी एक जुडी संपवली, दुसरी सोडली.

"तुम्हीच लिहिलंय की," त्या म्हणाल्या. "पान एकेचाळीस."

काकांनी मान हलवली. आणखी काही विचारण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, अशा तऱ्हेने त्यांनी शुद्धिपत्राची घडी घालून माझ्या हाती दिली आणि मला सोडायला दारापर्यंत आले. मी "येते" म्हटले. त्यांनी वळून एकदा टेबलाकडे पाहिले.

"या," ते म्हणाले.