शुक्रवारी इंग्रजी बंद

इथं कुवेतमध्ये, मंगफला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक आयरिश शिक्षिका राहते. ती बेलफास्टमधल्या एका अजब गल्लीत वाढली. काही जोडप्यांनी मिळून जागा घेतली, घरं बांधली आणि ठरवलं, इथं फक्त आयरिश बोलायचं. तीही त्यांची मातृभाषा नव्हे, मोठेपणी चुकतमाकत शिकलेली! भोवती सगळं शहर इंग्रजी, पण गल्लीतली पोरं भांडायची ती आयरिशमध्ये. ऐकून मला भयंकर हेवा वाटला.

मी जन्माची सातारकर, आणि माझी लेक मला "व्हॉटेव्हर, आई" म्हणते. वर्षभरात ती शिकायला कॅनडाला जाणार होती. त्याआधी तिच्या तोंडी मराठी बसलीच पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं. इमारतीतली तीन मराठी कुटुंबं गोळा केली. दर शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये मिसळ आणि इंग्रजी बंद.

मुलं मुकाट्यानं मिसळ खायची. मोठ्यांची तोंडं मात्र सुटायची. "मॅनेजरनं लीव्ह अप्रूव्ह केली नाही रे!" हे वाक्य माझ्याच नवऱ्याचं. मी डोळे वटारले तर म्हणाला, "मग काय, रजा मंजूर म्हणू? सरकारी कचेरी आहे का?" मुलंच सगळ्यात जास्त हसली. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी शेजारणीला विचारलं, "तुझ्या आईवडिलांनी केलं तरी काय?"

ती जरा विचार करून म्हणाली, "त्यांना तिथून कुठं जायचं नव्हतं."

आम्हाला इथं भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाला विचारावं लागतं. नोकरी सुटली की गाशा गुंडाळायचा. चहा घेतला आणि घरी आले. हळूहळू शुक्रवारही बंद पडले.

विमानतळावर लेकीनं मला घट्ट मिठी मारली. मग बॅग ओढत निघाली आणि मागे वळून, कुणी न सांगता, न अडखळता म्हणाली, "आई, मी जाते."

"येते म्हणावं गं," हे अगदी ओठांवर आलं. पण तिचं एवढं धड वाक्य, त्याला काय टोकायचं? माझ्या तोंडून आपसूक आलं, "ये हं."

ती थबकली आणि बॅगेसकट परत आली.

"व्हॉट हॅपन्ड? का बोलावलंस?"

समजावायला मराठी सुचेना.

"नथिंग," मी म्हणाले. "गो."