ब्याण्णवचं मॉडेल

पुसदच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या मैदानावर मातीवरची मोटरसायकल शर्यत होणार, हे मी पांढरकवड्याच्या गॅरेजात ऐकलं आणि तिथंच ठरवलं, आपण उतरायचं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, खाजगी शाळेत गणित शिकवत होते. भावाच्या गाडीवर हात बसला होता. स्वतःची गाडी मात्र नव्हती.

गॅरेजचे म्हातारे मिस्त्री म्हणाले, "बेटी, उसमें लोग गिरते हैं."

"मी बी पडीन, चाचा. गाडी कोनती घेऊ ते सांगा."

शर्यतीला हलकी, शंभर सीसीची टू-स्ट्रोकच हवी होती, आणि ती कंपनीनं कधीच बंद केली होती. म्हणजे जुनी घेणं आलं. त्या वर्षांत जुन्या गाड्यांना तोटा नव्हता. कापसाच्या चांगल्या सालात हौसेनं घेतलेल्या गाड्या आता एकेक करून विकायला निघत होत्या. मालकाला मॉडेल विचारलं की तो आधी त्या सालचा कापूस कसा होता ते सांगायचा.

तीन गाड्या मनात भरल्या. गावातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याची अठ्ठ्याऐंशीची, मुकुटबनच्या एका शेतकऱ्याची ब्याण्णवची आणि यवतमाळच्या खत-दुकानदाराची शहाण्णवची. सगळे म्हणत, अठ्ठ्याऐंशीचीच घे. पहिल्या गाड्यांचं इंजिन परदेशातून आलेलं, पुढच्या सालांत तो दम राहिला नाही.

मला ऐकीव गोष्टीवर गाडी घ्यायची नव्हती. मालकांना गळ घालून तिन्ही गाड्या एकाच रविवारी गॅरेजात मागवल्या. मागच्या नाल्याला काळ्या मातीचा उभा चढ होता. तिन्हींत सारखंच पेट्रोल-ऑइल भरलं, प्रत्येक गाडी तीन-तीनदा त्या चढावर घातली आणि वहीत लिहीत गेले. शहाण्णवची दिसायला नवरीसारखी, पण चढाच्या मध्यावर दम सोडायची. अठ्ठ्याऐंशीची सुसाट, मात्र जोर एकदम यायचा आणि मागचं चाक मातीत नुसतं फिरत राहायचं. ब्याण्णवची सगळ्यांत कुरूप. दुधाच्या कॅनसाठी मागे लोखंडी सांगाडा वेल्डिंग केलेला, टाकीला पोचे. पण खालच्या वेगातही ती न कुरकुरता चढ चढली, तिन्ही वेळा.

तरी माझा जीव अठ्ठ्याऐंशीवरच होता. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात बाबा आले. कोर्टात कारकून होते. शर्यतीचं कळल्यापासून माझ्याशी बोलत नव्हते. त्यांनी काही न विचारता तिन्ही गाड्यांची कागदपत्रं मागितली, चष्मा लावला, उकिडवे बसले आणि रॉकेलच्या बोळ्यानं इंजिनावरचा नंबर पुसून गाडीच्या नोंदणी-पुस्तकाशी ताडून पाहू लागले. अठ्ठ्याऐंशीच्या गाडीपाशी फार वेळ थांबले.

"चेसिस अठ्ठ्याऐंशीची आहे," ते म्हणाले. "इंजिन दुसऱ्याच गाडीचं. जुना नंबर घासून वरून नवा ठोकला आहे."

मिस्त्रींनी वाकून पाहिलं आणि मान हलवली. मालक म्हणाला, "मले काय मालूम? मी बी अशीच घेतली." बहुधा खरंच बोलत असावा. गाडी घेऊन तो निघून गेला.

ब्याण्णवच्या गाडीचे नंबर जुळले. तिचा मालक म्हणाला, "आता डेअरीचा टेम्पो दारात येते, म्हणून इकून राह्यलो. नाही तर नसती देल्ली."

ती मी घेतली. घरी जाताना बाबा एवढंच म्हणाले, "हेल्मेट चांगलं घे."

शर्यतीच्या दिवशी नाव नोंदवणारा माणूस माझ्याकडे बघत राहिला. "मॅडम, लेडीजसाठी वेगळं काही नाही."

"वेगळं कायले पायजे?" मी म्हणाले. त्यानं मागच्या माणसाकडे पाहिलं. तो खांदे उडवून हसला. मला चौदा नंबर मिळाला.

सोळा गाड्या सुटल्या. दुसऱ्या फेरीत वळणावर मी आडवी झाले. उजवं मनगट दुखावलं आणि गिअरचा पायाचा दांडा वाकून गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकली. कडेचे लोक हातानं बाहेर या म्हणत होते. मी गाडी उभी केली, किक मारली. तिसऱ्या किकला ती सुरू झाली. उरलेल्या सहा फेऱ्या मी दुसऱ्या गिअरमध्येच काढल्या. सपाटीवर सगळे मला मागे टाकत, पण मातीच्या उंचवट्यांवर त्यांची चाकं फिरत राहायची आणि मी हळूहळू वर निघायचे. चौघांच्या गाड्या मध्येच बंद पडल्या. माझा नंबर नववा आला. उतरले तेव्हा इतकं बरं वाटलं, तसं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

सोमवारी मनगट सुजलेलं, म्हणून फळ्यावर डाव्या हातानं लिहीत होते. मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं होतंच. त्यांनी मधल्या सुट्टीत बोलावलं.

"शिक्षिकेला हे शोभते का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, सर," मी म्हणाले. "पण पुढची शर्यत परीक्षेनंतर आहे. रजेचा अर्ज आताच देऊन ठेवते."

अर्ज लिहायलाही डावाच हात वापरावा लागला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि टेबलाच्या काचेखाली सरकवला.