डाव्या करंगळीची लाथ

दिग्रसच्या ज्या टायपिंग क्लासमध्ये मी शिकले, तिथे मशीनला आधी नमस्कार करावा लागे. उजवा हात मशीनला लावायचा, मग कपाळाला, आणि त्यानंतरच कागद चढवायचा. विसरलं की सर अख्खं पान पुन्हा टाइप करायला लावत. ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली की आजही नवा मोबाइल घेतला की हात आपोआप कपाळाकडे जातो आणि घरातली पोरं खिदळतात. खिदळू देत. त्या हातानं मला एकदा पार बुडवत आणलं होतं, ते त्यांना कुठे ठाऊक आहे?

सरांच्या मेहुण्यानं आखातातून एक कॉम्प्युटर आणला होता. कळफलकाएवढाच डबा, तो टीव्हीला जोडायचा, कॅसेट लावायची आणि पाच-दहा मिनिटं तिची किरकिर ऐकत बसायचं. कॅसेट होती एकच, कराटेच्या खेळाची. पांढऱ्या कपड्यांतले दोन गडी समोरासमोर येत, वाकून नमस्कार करत आणि मग एकमेकांना लाथा घालत. त्या नमस्कारावर सर बेहद्द खूश होते. खेळ संस्कारी आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

सरांना कॉम्प्युटरचा वर्ग काढायचा होता आणि शिकवायला एकच माणूस हवा होता, पगारी. आम्ही दोघं उरलो. मी आणि शेजारच्या मशीनवर बसणारा बेलिफाचा मुलगा. स्पीड सारखा, चुकाही सारख्याच. त्याचं काही अडत नव्हतं, चुलत्याच्या अडतीवर त्याची गादी तयार होती. माझं मात्र सगळंच अडलं होतं. रविवारी दारव्ह्याहून पाहुणे मला बघायला येणार होते. बाबा तहसील कचेरीत कारकून. "पोरगी घरी बसून काय करीन?" एवढं म्हणून त्यांनी बोलणी सुरू केली होती. मला लग्न नको होतं असं नाही, पण इतक्यात नको होतं, आणि कुणी विचारतही नव्हतं.

शेवटी सर वैतागले. "दोघं बसा त्या कराटेले. ज्याची बोटं पडद्याकडं पाहून चालतीन, तोच मले पाहिजे."

एकाच कळफलकावर दोघं बसणार म्हणजे कोपराला कोपर लागणार. सरांनी मधे शॉर्टहँडचं जाडजूड पुस्तक उभं केलं आणि स्वतः ते धरून बसले. डावीकडच्या कळा माझ्या, उजवीकडच्या त्याच्या. नेमकी लाथ बसली तर पूर्ण गुण, ओझरती लागली तर अर्धा. आधी दोन गुण करील तो जिंकला. टायपिंगची सगळी मुलं-मुली मशीन सोडून आमच्यामागे उभी राहिली.

गडी वाकले. त्यांचा नमस्कार बघून माझा हात गेला कपाळाला. तेवढ्यात धाडकन् लाथ, आणि माझा गडी आडवा.

"हात काहून उचलून राह्यली तू?" सर ओरडले.

दर गुणानंतर गडी जागेवर येऊन पुन्हा वाकत. या वेळी मी दात आवळून बसले, तरी हात अर्ध्यापर्यंत गेलाच. आणखी अर्धा गुण गेला. दीड आणि शून्य. माझे कान तापले. स्वतःचा असा राग मला क्वचितच आला असेल. डोळ्यांसमोर रविवारचे पोहे दिसायला लागले.

आणि एकदम लक्षात आलं. उठतो तो उजवा हात. डावा तर कळांवरच असतो! खाली वाकून पाय मारायला दोन कळा लागत, आणि दोन्ही डाव्या हाताखाली होत्या. एक तर थेट करंगळीखाली. टायपिंगच्या पहिल्या महिन्यात सगळ्यांची हीच करंगळी रडते, माझी तोवर लोखंडाची झाली होती. म्हटलं, जाऊ दे हात कपाळाला, खुशाल जाऊ दे.

गडी वाकले. मी ऐटीत नमस्कार केला. मी मोकळी सापडले असं समजून तो धावून आला आणि माझ्या करंगळीनं त्याचा पाय उडवला. पूर्ण गुण. मागे कुणीतरी बाकावर चढलं. तो गोंधळला होता, पण माझा नमस्कार दिसला की धावायची सवय त्यालाही लागली होती. पुन्हा नमस्कार, पुन्हा त्याची धाव, पुन्हा तो उताणा. दोन! मी अक्षरशः किंचाळले. सरांच्या हातून पुस्तक पडलं.

"उद्या सकाळी सात वाजता येऊन वर्ग उघड," सर म्हणाले. बेलिफाचा मुलगा हसला. "नमस्कार करता करता लाथ मारली हो हिनं," एवढंच म्हणाला.

घरी मी जवळजवळ पळतच गेले. बाबा ओसरीवर चहा पीत होते. नोकरी लागली, पगार मिळणार, उद्यापासूनच जायचं आहे, सगळं एका दमात सांगून टाकलं. कराटेचं तेवढं गाळलं. बाबांनी कप खाली ठेवला. कपडा कुठल्या रंगाचा हवा, हेसुद्धा त्यांनी मला आजवर विचारलं नव्हतं.

"मंग पाहुण्याईले काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"या वर्षी नको म्हणा," मी म्हणाले.

ते उठले आणि चपला घालून फोन करायला गेले.