सातपुड्यातल्या शाळेची लाह

माझा मावसभाऊ संजू सातपुड्यातल्या एका पाड्यावर शिक्षक आहे. दिवाळी झाल्याबरोबर त्याचा फोन आला, "ताई, शाळामां लाह शे. येस का?" लाह म्हणजे काय विचारलं, तर म्हणाला, "ईसन दख." येऊन बघ म्हटलं की मला एवढं पुरतं. नाक खुपसायची सवय जुनीच आहे.

भुसावळहून यावलमार्गे चोपडा, एसटीला बायकांना अर्धं तिकीट. स्टँडजवळची शेवभाजी खाणार असाल तर पाण्याची बाटली आधी घ्या. पुढे खच्चून भरलेल्या क्रूझरने पायथ्यापर्यंत आणि मग तासभर चढ. मी सँडल घालून गेले, ही माझी अक्कल.

पाडा म्हणून काही दिसेचना. इथल्या पावरा लोकांची घरं ज्याच्या त्याच्या शेतात, एक या टेकडीवर तर दुसरं पलीकडच्या. मुक्काम शाळेतच होता. संजूने सगळं सांगितलं. रविवारी निम्मी माणसं पोरांसकट ऊसतोडीला निघणार. चौथीतली रमली गेल्या वर्षी अशीच गेली, ती होळीला वाचायचं विसरून परतली. शाळेजवळ खोली झाली आणि रात्री आळीपाळीने आज्या सोबतीला आल्या, तर पोरं मागे राहू शकतात. त्यासाठी संजूने पालकसभेची नोटीस लावली. कुणी फिरकलं नाही. शेवटी पाड्याचे कारभारी आबा म्हणाले, "कागद दखीसन कोन येस, मास्तर? लाह बोलाव." म्हणजे मजुरी नाही. ज्याचं काम त्याने जेवण द्यायचं आणि पुढे इतरांच्या कामाला जायचं.

सकाळी टेकड्यांवरून बांबू घेऊन माणसं उतरू लागली. मी आपली फोटो काढत होते. एका म्हातारीने माझा फोन काढून माझ्याच पिशवीत टाकला आणि गाऱ्याकडे बोट दाखवलं. "लाहमां कोनी उभं ऱ्हास नई," संजू हसून म्हणाला. मग तासभर गारा तुडवला.

सगळ्यात जास्त राबत होता रमलीचा बाप, गुमान. उडदाची डाळ आणि मक्याची भाकरी खाताना मी त्याला विचारलं, "मग रमली राहणार ना?"

"खोली चांगली शे," तो म्हणाला. "पन आम्ही ऊस तोडसूत, धाकलाले कोन धरी?"

धाकला म्हणजे रमलीचा दोन वर्षांचा भाऊ. तो तिच्या कडेवरच होता. खरं सांगायचं तर मला रडू आलं.

घरी आल्यावर दोन दिवस पोटऱ्या दुखत होत्या. रविवार अस्वस्थतेत गेला. सोमवारी संजूचा फोटो आला. वर्गात रमली पुस्तक घेऊन बसलेली, दारात तीच म्हातारी आणि तिच्या मांडीवर धाकला.

मी लगेच फोन लावला. संजू तेव्हा आबांच्या शेतातल्या कामाला निघाला होता, लाह फेडायला. त्याने सांगितलं, शनिवारी गुमानने पाड्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना घरी जेवायला बोलावलं. जेवण कोणत्या कामाचं, हे एकीनेही विचारलं नाही. हात धुतले आणि धाकल्याला कोण कधी सांभाळणार, ते ठरवूनच उठल्या.